पॉवरफुलच्या उलट्या बाजूचे लोक

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून इंग्रजी. कंपनीत डिस्पॅच इनचार्जची जागा रिकामी झाली आहे आणि इंटरव्ह्यू इंग्रजीत. प्लास्टिकच्या खुर्च्या ट्रकमध्ये भरायला इंग्रजी कशाला, असले प्रश्न छोटी माणसं विचारतात. जागा माझीच आहे. फक्त साहेबांना अजून माहीत नाही.

क्लासच्या मॅडमनी पहिला शब्द दिला, पॉवरफुल. मला बघूनच दिला असणार. होमवर्क : त्याचे विरुद्धार्थी शब्द. एकेक शब्द ओळखीच्या माणसाला चिकटवा, जन्मात विसरणार नाही, असं म्हणाल्या. माणसांना काय तोटा!

५ नोव्हेंबर
फीबल. म्हणजे दुबळा, अंगात त्राण नसलेला. सासऱ्यांना चिकटवला. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून अर्धा चहा स्वतः पितात आणि अर्धा शर्टाला पाजतात. जेवताना अर्थासकट मोठ्याने समजावून सांगितलं, कारण मोठ्याने म्हटल्याशिवाय पाठ होत नाही. म्हातारा नुसता हसला. हिने माझं ताट असं काही आपटलं की आमटी उडाली. मी तिकडे पाहिलंही नाही. पॉवरफुल माणूस आमटीकडे बघत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
टिमिड. म्हणजे भित्रा. हा आमच्या ऑफिसातल्या सशाचा. माझा ज्युनिअर. खुर्चीला धक्का लागला तरी खुर्चीला सॉरी म्हणतो. आज लोडिंगच्या वेळी सगळ्या हमालांसमोर त्याला शब्द चिकटवला. थँक यू सर म्हणाला, मूर्ख! मग चाचरत सांगायला लागला की टेबलांचे जड बॉक्स वर आणि खुर्च्या खाली ठेवल्या तर खुर्च्यांचे पाय मोडतील. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, तुझ्या मिश्या फुटायच्या आधीपासून मी माल भरतोय. हमालांनी मी म्हणालो तसंच भरलं. याला म्हणतात वचक.

९ नोव्हेंबर, रविवार
सबमिसिव्ह. म्हणजे निमूट ऐकणारी. ही. बुधवारपासून एक शब्द बोललेली नाही. असं संसारसुख किती जणांच्या नशिबी असतं?

मोठा निर्णय घेतला. सासऱ्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं. त्यांची खोली मला अभ्यासाला हवी, तिथे आवाज चांगला घुमतो. तसं कागदोपत्री घर त्यांचं आहे. पण कागदाला काय, कोणाचंही नाव चालतं. लोक मला घरजावई म्हणतात. लोकांना उद्योग नाहीत. लग्नानंतर मी इथे राहायला आलो तो त्यांना सोबत म्हणून. माझा त्यागच आहे तो, पण बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी
हिला सांगितलं. ही रक्ताच्या लॅबमध्ये कामाला आहे, लवकर निघते, म्हणून चपला घालतानाच गाठली. आरशासमोर केलेली तयारी कामी आली. म्हटलं, घरात एक माणूस जास्त आहे. करायचं काही नाही, वर दोन वेळचं आयतं गिळायचं आणि दिवसभर हुकूम सोडायचे. आयत्या बिळात नागोबा!

ही हसली. कित्येक महिन्यांनी हसली! हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं. मग म्हणाली की मलाही बरेच दिवस अगदी हेच वाटतंय, कसं बोलावं तेच कळत नव्हतं. एक माणूस गेलं की घर मोकळं होईल, असंही म्हणाली. नवरा-बायकोचं मत इतकं जुळावं! उगाच घाबरत होतो. म्हणजे घाबरत नव्हतो. योग्य वेळ बघत होतो.

१४ नोव्हेंबर
वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला. राहणाऱ्याची स्वतःची सही लागते म्हणे. सासऱ्यांसमोर ठेवला. भिंग घेऊन सगळा वाचला. जेवण वेळेवर देतात का, खोलीत एकट्याला राहता येतं का, सगळी चौकशी केली. शेवटी विचारलं की वयाची अट काय आहे, पन्नाशीचा माणूस घेतात का. म्हातारपणी स्वतःचं वयसुद्धा विसरतात बिचारे. मी सांगितलं, तुम्ही वयात बसता, काळजी नको. बघतो, म्हणाले. फॉर्म उशीखाली ठेवला. काम झाल्यातच जमा.

१७ नोव्हेंबर, सोमवार
इंटरव्ह्यू. इंग्रजी उत्कृष्ट. आपल्या टीमबद्दल सांगा म्हटल्यावर मी सगळे शब्द धाडधाड सोडले. टीम टिमिड, फीबल, सबमिसिव्ह. साहेबांनी विचारलं, मग त्यात तुमचं काम काय? म्हटलं, पॉवर. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग शनिवारच्या ट्रकचा विषय काढला. खुर्च्यांचे पाय मोडले. अर्धा माल परत आला. उरलेला अर्धा वाचला, कारण सशाने परस्पर ड्रायव्हरला फोन करून वाटेत बॉक्स खाली घ्यायला लावले. माझ्या पाठीमागे! आणि इनचार्ज कोण? ससा. राजकारण, दुसरं काय!

संध्याकाळी तो माझ्या टेबलाशी आला आणि तुम्हाला कुठे बसायला आवडेल सर, असं विचारत उभा राहिला. म्हणजे अजून टिमिड आहेच.

१९ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिसचं जाऊ दे. घरात विजय! ही मोठी बॅग भरते आहे, आमच्या खोलीत पलंगावर. नवा टॉवेल, इस्त्रीचे शर्ट, सगळं नीटनेटकं. माझा निळा स्वेटर घातला त्यात. मी मन मोठं केलं. म्हाताऱ्याला थंडी वाजते, जाऊ दे एक स्वेटर. मग माझं दाढीचं सामान घातलं. सासरे दाढी राखतात, त्यांना काय करायचंय? पण बायकांच्या पॅकिंगला अक्कल लावू नये. उद्या किती वाजता येणार, असं विचारलं. म्हटलं, सातला. वेळेवर या, निरोपाला तुम्ही लागालच, म्हणाली. शेवटी घरातल्या कर्त्या पुरुषाशिवाय पान हलत नाही.

२० नोव्हेंबर
भावाकडे.
गैरसमज झाला आहे. बॅग दाराबाहेर होती. सासऱ्यांनी डाव्या हाताने दार धरलं होतं. जपून जा, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला विचार करायला चार दिवस देतो. ही म्हणाली, लिफ्ट आली. मी स्वतः बॅग उचलली. आपलं ओझं आपण उचलण्यातही ताकद असते. बॅग फार जड होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
पॅसेजमध्ये गादी. एका बाजूला चपलांचं कपाट, दुसरीकडे वॉशिंग मशिन. वहिनींनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, ते मी ठरवेन. बरं, उद्या सकाळपर्यंत ठरवा, म्हणाल्या.

दुपारी हिचा फोन. कळलं होतं मला, येणारच होता! पहिल्या रिंगला उचलला नाही. दुसरीला उचलला. तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या राहिल्यात, गेटवर ठेवल्यात, वर यायची गरज नाही, म्हणाली. बाबा कसे आहेत, विचारलं. झोपलेत, म्हणाली. आपल्या दोघांच्या खोलीत. तिकडे ऊन चांगलं येतं.

गेलो. गेटवर नवा वॉचमन. कुठे जायचंय, म्हणाला. म्हटलं, कुठे नाही, इथे माझ्या गोळ्या ठेवल्यात. माझं नाव सांगितलं. त्याने खण उघडून पाहिलं, या नावाचं काही नाही म्हणाला. आवाज चढवून पाहिला. त्याने मला बाजूला उभं केलं आणि मागच्या गाडीला गेट उघडलं. बराच वेळ उभा होतो. शेवटी सासऱ्यांचं नाव सांगितलं.
अरे, मग आधी नाही का सांगायचं, म्हणाला. पुडी लगेच दिली.