नळीतलं शिसं

३ डिसेंबर, मंगळवार

बंदूक परत आली! निवडणूक संपली, आचारसंहिता उठली, आणि दीड महिना ठाण्यात जमा असलेली आमची बारा बोअर घरी आली. मतदानाच्या दिवशी मी कुणावर बार काढणार होतो, देव जाणे! पण कायदा तो कायदा. वडिलांच्या वेळेपासून हिने इतक्या निवडणुका ठाण्यात काढल्यात की गावात तिच्याइतका अनुभवी कार्यकर्ता दुसरा नाही.

पावती देताना कारकून म्हणाला, "आबा, परवाना या महिन्यात संपून राहिला. अठराला जिल्ह्याला तपासणी. नळीत शिसं बसलंय, आटे दिसून न्हाई राहिले. आटे दिसले न्हाई तर परवाना बंद, बंदूक सरकारजमा."

आटे म्हणजे नळीच्या आत पीळ घेत गेलेल्या बारीक खाचा. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. छऱ्याच्या बंदुकीला सहसा आटे नसतात. हिला आहेत! वडिलांनी निजामाच्या राज्यात घेतली तेव्हा लोक पुसेगावहून चालत यायचे, नुसतं नळीत डोकावायला.

शिवप्रसादला सांगितलं. आमचे चिरंजीव म्हणाले, "बरं झालं आबा, देऊन टाका. भिंत मोकळी व्हईल. मोठा टीव्ही बसतो तिथं."

वडिलांचं म्हणून माझ्यापाशी दोनच गोष्टी. ही, आणि एक फोटो. फोटोतही ते हिलाच धरून उभे आहेत.

४ डिसेंबर

नळी वेगळी केली. अंगणात उजेडाकडे धरून उजवा डोळा लावला. आत करडं, धुरकट. आट्यांचा पत्ता नाही.

दर हंगामाला हरभरा घाट्यावर आला की दोन बार हवेत. शिशाची गोळी जाते, पण जाताना थोडी खाचांत राहते. पाहुणे जाताना पिशवी विसरतात तसं. पाऊणशे वर्षांच्या पिशव्या साठल्या आहेत आत.

डुकरांना तरी पूर्वी रीत होती. बार ऐकला की पाच शिवारं ओलांडून जायची, आठ दिवस तोंड दाखवायची नाहीत. आताची डुकरं मान वर करून बघतात — कुणाची वरात आली म्हणून — आणि पुन्हा हरभऱ्यात तोंड घालतात.

५ डिसेंबर

सल्ल्यांचा दिवस. आमच्या सौभाग्यवती द्वारकाबाईंचा पहिला : "चिंच लावा अन् राखेनं घासा. देवाची समई निघती, तुमची नळी काहून न्हाई निघणार?" समईत बोट जातं, नळीत जात नाही, हे सांगून पाहिलं. "मंग समईच सांभाळायची होती," म्हणाली.

पारावर एकाने थंड पेयाची बाटली ओतायला सांगितली. दुसऱ्याने सांगितलं, ती बाटली मला दे अन् तू नळीत पाणी ओत.

शेवटी योगेशकडे गेलो. ट्रॅक्टर-मेस्त्री, पण जाणता पोरगा. म्हणाला, "आबा, लोखंड लावू नका, आटे खाईल. तांबं लावा. तांबं शिशापेक्षा कडक, पोलादापेक्षा नरम. दोन दिस तेलात भिजवा, मग गजाच्या ब्रशला तांब्याची तार गुंडाळून वढा."

तांब्याची तार आमच्या गावात रग्गड. वीज अशी येते की दर हंगामात मोटारी जळतात. प्रत्येक गोठ्यात एक तरी जळकं वाइंडिंग लोंबतं. सरकारचा असाही उपयोग होतो.

७ डिसेंबर

निघालं! नळीच्या तोंडाखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. दहाव्या ओढीला करड्या चकत्या पडल्या. पातळ, लवचिक, मासोळीच्या खवल्यांसारख्या. मी तर हरखूनच गेलो.

सुकन्या, आमची नात, बारावीच्या सायन्सला. धावत आली. "आबा, शिसं विषारी असतं! तोंडाला हात लावू नका!" रबरी हातमोजे चढवले मला. त्या हातांनी तंबाखू मळता येत नाही, तेव्हा विज्ञानाने आज एक व्यसनही थांबवलं.

नुसतं घासून कंटाळा येतो. शाळेत गुरुजी आम्हांला कविता ठेक्यावर म्हणायला लावायचे, छडी टेबलावर वाजवत. एका ओळीला गज आत, एका ओळीला बाहेर. चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता संपल्या तेव्हा स्वतःच जुळवली :

शिसे जाई, खाच राही,
नळीमधुनी पहाट पाही!

गुरुजी असते तर पाठीवर थाप दिली असती. द्वारकाबाई म्हणाली, "पहाट नंतर पाहा. अंघोळीचं पाणी निवून राहिलं."

८ डिसेंबर

दोनशे चाळीस ओढी. सहा कविता. खांदा गेला.

१० डिसेंबर

चकत्या पडायच्या थांबल्या. चिंधी कोरडी, स्वच्छ येते. पण नळीत पाहावं तर तेच करडं! म्हणजे खालचा थर चिवट. जुनं शिसं ते. निजामाच्या काळातलं. त्या काळचं सगळंच टिकाऊ.

सुकन्याला दाखवलं. "आबा, चकाचक आहे की. आटे एकदम क्लिअर." वर म्हणते, "आता बस करा."

तिच्या डोळ्यांना मोबाईलची सवय. त्यात सगळंच चमकतं. पूर्वी आम्ही एकेका वस्तूकडे तासभर पाहायचो, तेव्हा कुठे ती दिसायची.

शिवप्रसादनेही एक डोळा लावल्यासारखं केलं. "साफ आहे आबा." त्याला काय! त्याला ती नापास व्हायला हवीय.

११ डिसेंबर

वर्तमानपत्राची छपाई फार फिकी झाली आहे. शाईतही भेसळ.

१३ डिसेंबर

पाच दिवस उरले आणि नळी जशीच्या तशी. रात्री झोप नाही, दिवसा चव नाही. वडील गेले तेव्हा शेवटी एवढंच म्हणाले होते, "हिला गंज चढू देऊ नको." गंज नाही चढू दिला. शिसं चढलं.

पुन्हा योगेशकडे. त्याने आत बघितलं. "आबा, मला तर काही दिसून न्हाई राहिलं."

"तुला न्हाई दिसत, तपासणाऱ्याला दिसंल! तुझ्याकडं याहून कडक काय आहे ते काढ."

डोकं खाजवून त्याने डबी काढली. इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, बारीक वाळू मिसळल्यासारखी. "पण आबा, ही शिसं बघत न्हाई अन् पोलाद बघत न्हाई. समोर येईल ते खाती."

"लाव."

"उद्या मला बोल लावू नका मंग."

गज ड्रिल मशीनमध्ये अडकवला. गर्रर्र! त्या ठेक्यात एकही कविता बसेना.

१५ डिसेंबर

तीन वेळा पेस्ट. थोडं उजळल्यासारखं वाटलं. दुपारी पुन्हा पाहिलं तर तेच करडं. पुन्हा योगेशकडे. तो आता मला लांबून बघितलं की ट्रॅक्टरखाली सरकतो.

१६ डिसेंबर

पाचव्यांदा. मशीन मीच धरलं.

१८ डिसेंबर

काय लिहू?

सकाळच्या एसटीने गेलो, बंदूक गोधडीत गुंडाळून. शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरू झोपलं व्हय?" हो म्हणालो.

तपासणीचा हवालदार म्हातारा होता, बरं वाटलं. त्याने नळी खिडकीकडे धरली आणि हसलाच. "वा आबा! आरसा केला की हो! यात दाढी करावी माणसानं."

माझा जीव भांड्यात पडला. मग तो हसायचा थांबला. नळी फिरवली. पुन्हा फिरवली.

"आटे कुठं गेले?"

"आत आहेत. शिशाखाली."

"शिसं कणभर न्हाई. आटे बी न्हाईत. कशानं घासली?"

सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मग माझा परवाना उघडून बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, आटेदार नळी. ही तर सपाट. म्हंजी कागदावरली बंदूक ही न्हाई."

"मग ती कुठाय?"

"ते तुमी सांगायचं. अर्ज लिहून द्या, आटेदार बंदूक काय झाली म्हणून. तवर ही इथंच राहील."

"अहो, शिसं होतं! परवापर्यंत होतं, मी रोज बघत होतो!"

"कोणी बघितलं अजून?"

मी गोधडीची घडी घातली.

पावती दिली. वर म्हणाला, अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडा, नियम आहे. येताना गोधडी रिकामी. सकाळचीच बाई परतीच्या गाडीतही होती. तिने गोधडीकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली.

१९ डिसेंबर

शिवप्रसादने टीव्हीसाठी भिंत मोजली. मग माझ्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळून ठेवला. चांगला आहे पोरगा.

२१ डिसेंबर

दाखल्यासाठी दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी माझा डावा डोळा झाकला, म्हणाल्या, बाबा, समोरच्या पांढऱ्या तक्त्यावरचं वाचा.

तक्त्यावर शिसं होतं.