प्रार्थनेचा विषय

१७ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या रविवारच्या वर्गाला नऊ पोरं. आज अवघड विषय घेतला — मित्रमैत्रिणींना आपला विश्वास सांगायचा कसा. त्यांना वाटतं भाषण ठोकायचं असतं! मी म्हटलं, बाबांनो, कुणाला ओढायचं नाही, कुणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. आधी ऐकायचं. कुणी विचारलंच तर आपल्या आयुष्यात काय घडलं तेवढं सांगायचं. ललित म्हणाला, माझ्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही. सगळे हसले, मीही.

उपासनेनंतर भूमिका थांबली. दहावीची पोर, तिच्या बाकावर मेघा नावाची मैत्रीण बसते. मेघाचे वडील महिनाभर जळगावला व्यसनमुक्ती केंद्रात आहेत, घरचे सांगतात ट्रेनिंगला गेलेत. मेघाने हे फक्त हिला सांगितलंय. दोघी मधल्या सुट्टीत सायकल स्टँडमागे जाऊन बसतात. भूमिकाने विचारलं, मावशी, मी तिला काय सांगू? मी म्हटलं, काही सांगू नकोस, नुसती बस तिच्याजवळ. काय शहाणी मी! दिवसभर स्वतःवरच खूश.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोस्टात काउंटरवर मरणाची गर्दी. डबा खाताना चर्चच्या मंडळीच्या प्रार्थना ग्रुपवर विषय टाकला — भूमिकाची मैत्रीण मेघा, देवपूर, वडील जळगावला व्यसनमुक्ती केंद्रात, दारू सुटावी. अर्ध्या तासात चाळीस आमेन. बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

भूमिकाच्या आईचा फोन. पोर धड जेवत नाही. मेघाच्या मोठ्या बहिणीची सोयरीक साक्रीला जमत आली होती. तिकडे वडिलांचं कळलं. जरा थांबू, असा निरोप आला. मेघाने शाळेत भर वर्गात भूमिकाला विचारलं, तुझ्याशिवाय मी कुणाला सांगितलं होतं? आणि बाक बदलला.

साक्रीची दोन घरं आपल्या ग्रुपवर आहेत.

भूमिकाची आई म्हणत होती, आमची पोर असं करणार नाही हो, कुठून फुटलं कोण जाणे. आणि मी काय म्हटलं तर — प्रार्थना करते!

२३ नोव्हेंबर, शनिवार

मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढायला गेले. आता निघत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

वर्गाचा विषय आधीच ठरलेला — तोंड उघडायचं धैर्य. आणि मी तो शिकवला! चाळीस मिनिटं. येशूचा शिष्य पेत्र घाबरला, त्याला ओळखत नाही म्हणाला, मग रडला — मी सगळं सांगितलं. भूमिका मागे बसून वहीत लिहून घेत होती.

जाताना तिला विचारलं, मेघा बोलते का? म्हणाली, नाही, पण मी रोज हाक मारते. वाटलं, आता विचारेल — मावशी, तुम्ही कुणाला सांगितलंत का? नाही विचारलं. मला सुटल्यासारखं वाटलं. शी! पंधरा वर्षांच्या पोरीच्या मागे लपलेय मी.

स्वतःला समजावते, मी चहाडी थोडीच केली, प्रार्थनाच मागितली. पुढे आमेन लावलं की चहाडीची प्रार्थना होते का गं बाई?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ग्रुपवर नावं टाकू नका अशी सूचना देऊ, पण मेघाच्या घरी जाऊ नका. ख्रिस्ती बाई दारात दिसली तर लोक भलतंच बोलतील, त्या घराला आणखी त्रास. पटलं मला. फार लवकर पटलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गेले. अर्धी रजा टाकली आणि गेले.

मेघाची आई कमलबाई ओट्यावर मेथी निवडत होती. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, नाहीतर पाय मागे फिरले असते. भूमिकाने बाहेर कुठेच सांगितलं नाही. पोर घाबरली होती म्हणून मला विचारायला आली, आणि मी साठ जणांना कळवलं. चूक माझी. मेघा आत दाराशी उभी होती, तिने सगळं ऐकलं.

कमलबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "आते बठ्ठा गावले माहीत शे. तुमनी माफीनं मी काय करू?"

खरंच होतं, अख्ख्या गावाला कळलं होतं. साक्रीला जाऊन बोलू का, विचारलं. तिने मान हलवली — नको. तुमच्यासाठी प्रार्थना करते, हे वाक्य ओठापर्यंत आलं होतं. गिळलं. पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत आले आणि तिथे रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

१ डिसेंबर, रविवार

साक्रीहून अजून काही नाही. मेघा पुन्हा भूमिकाच्या बाकावर बसते.

वर्ग सुटल्यावर भूमिकाची माफी मागितली. म्हटलं, तुला ठाऊकही नव्हतं आणि तू —

"ठाऊक होतं, मावशी. सोमवारीच आईच्या फोनवर वाचलं होतं. आईने बघू नये म्हणून तिथून पुसलं."

मग मेघाला माझं नाव का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्हाला तरी मीच सांगितलं ना.

मेघानेही तिला तेच विचारलंय — इतके दिवस बोलणी का खाल्लीस? मी विचारलं, मग काय सांगितलंस तू तिला?

भूमिका म्हणाली, "ते आमच्या दोघींतलं आहे."