दिवाळीच्या सुमारास

१५ मार्च १९५८
मांजर आलं! समोरच्या क्वार्टरमधल्या रशियन इंजिनियरची मुदत संपली. जाताना त्याच्या बायकोने पांढरं मांजर साधनाच्या हातात दिलं आणि स्वतः रडायला लागली. साधनालाही रडू आलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नाही! नाव मूर्का. साधना तिला मुर्की म्हणते. ‘ये ये’ म्हटलं की बघतही नाही. ‘इदी स्युदा’ म्हटलं की शेपूट उभारून येते. अकरा वर्षांच्या संसारात पहिलं जनावर घरात आलं, तेही परदेशी.

२ एप्रिल
पोलाद कारखान्याच्या नोटिसांची मराठी भाषांतरं उरकून दुपारी भट्टीच्या बांधकामाकडे गेलो. मान दुखेपर्यंत वर पाहत राहिलो. मागच्या आठवड्यात जिथे आभाळ होतं तिथे आज लोखंड आहे. त्याच्याही वर एक माणूस बसून जोड मारतो आहे, एवढासा, आणि ठिणग्या पडताना मधेच विझतात. खाली डोक्यावर माती वाहणाऱ्या बायकांची रांग. पाटी, पाटी, पाटी. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच दिवशी चालल्या आहेत. कशा, ते मला अजून नीट लिहिता आलेलं नाही.

नागपूरच्या साप्ताहिकासाठी मी लिहितो ते ‘भिलाईचे पत्र’ चारच्या पॅसेंजरने जायला हवं होतं. साडेतीनला मोजलं तर दोन इंच मजकूर कमी. शेवटी लिहिलं— ‘सारे सुरळीत चालले तर दिवाळीच्या सुमारास येथे लोखंड वाहू लागेल.’ कुणी सांगितलं? कुणीच नाही. जागा भरली, पाकीट गेलं. इथे येण्याआधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर पंधरा वर्षं हेच केलं.

२७ एप्रिल, गोंदिया
सासऱ्यांकडे. जानराव रेल्वेत अडतीस वर्षं गँगमन होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. अजून पहाटे चारला उठतात आणि गाडी आवाजावरून ओळखतात. इंग्रजी अक्षरं त्यांना रुळाने शिकवली! प्रत्येक रुळाच्या अंगावर विलायती कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, त्यावर बोट फिरवून शिकले.

आज ताट समोर असून पाण्याचा पेला त्यांना सापडेना. साधनाने पाहिलं. मीही पाहिलं.
“बाबा, कधीपासून?”
“काही नाही वं. बाजूचं थोडं कमी दिसते. दरेकसाच्या बोगद्यातून गाडी निंगते ना, समोर गोल उजेड राहते, तसं.”
“आन् आमाले सांगितलं नाही?”
“समोरचं दिसते ना! गँगमनले समोरचंच लागते.”

११ मे, नागपूर
मोठ्या दवाखान्यात दाखवलं. काचबिंदू. डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली वाचवायला ऑपरेशन, जितक्या लवकर तितकं बरं. नंतर बरेच दिवस डोळे बांधून पडायचं. यश? “निम्मंनिम्म धरा.”

जानरावांनी कोटाच्या खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. माझं पत्र! सही नसते, पण ते माझंच हे त्यांना ठाऊक.
“दिवाळीले लोखंड वाहनार आहे, डाक्टरसाहेब. आमच्या जवाईबापूंनी छापलं आहे. ते पाहतो, मंग कापा.”
“आजोबा, दिवाळीला सहा महिने आहेत.”
“जल्मभर दुसऱ्याच्या मुलखाचं लोखंड ठोकलं म्या. पान्याच्या मडक्याले हात लावू देत नव्हते आमाले. रुळाले लावू देत. उन्हात तापला का दुसऱ्या कोनाले नोको असे. तं आता आपलं लोखंड निंगताना पाहू द्या ना. तुमी डोळे बांधले, अन् सोडल्यावर अंधारच असला तं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं.

१२ मे
परतीच्या गाडीत साधना म्हणाली, “दिवाळी नक्की ना?” मी म्हणालो, “असं म्हणतात.” कोण म्हणतात?

३ जून
मुर्कीला तीन पिल्लं. सगळी भिलाईची, एक काळं कुळकुळीत. साधना शिकवते त्या शाळेतल्या मुली रांग लावून पाहून गेल्या.

२० जुलै
कामानिमित्त राजहऱ्याच्या खाणीवर गेलो, साधनाही बरोबर. डोंगर उभाच्या उभा लोखंडाचा आहे! पावसाने धुतलेला, लाल. दगड उचलला तर हात खाली ओढला जातो. साधनाने एक पदराला पुसला आणि बराच वेळ धरून बसली. “हा इथंच पडला होता? सदानकदा? अन् आमचे लोक यावरून शेळ्या नेत होते?” तिथले कामगार हसले. एकजण छत्तीसगढीत म्हणाला, शेळ्या अजून नेतो बाई. येताना पाय, लुगडं, धोतर, सगळं गेरूच्या रंगाचं. दोन वेळा धुऊनही गेलं नाही.

२४ ऑगस्ट
जानराव गुरुवारी राहायला आले, ‘दिवाळीवरी’. ट्रंक, काठी, बाबासाहेबांची तसबीर. तसबीर आधी लावली, मग चहा. घरातच संडास आहे याची मोठी पंचाईत झाली. “जेवाच्या खोलीपासून दहा पावलं!” दोन दिवस लोटा घेऊन माळावर गेले. तिसऱ्या दिवशी तिथे नवीन क्वार्टरांचा पाया खणलेला! नाइलाजाने शरण आले.

मुर्कीशी मराठीत बोलतात. ती ऐकत नाही. “हिले कावून समजत नाही? इकडचं दूध पेते ना!”

१४ सप्टेंबर
रोज संध्याकाळी त्यांना भट्टीकडे घेऊन जातो. गेटच्या बाहेरून पाहतात. डोकं हळूहळू फिरवत, तुकड्यातुकड्याने. आधी बुंधा, मग पोट, मग वरची नळी. पूर्ण भट्टी एका वेळी त्यांना दिसत नाही. पण खरं तर ती कुणालाच एका वेळी दिसत नाही! आज अर्धा तास उभे होते. मग म्हणाले, “हे मानसानं केलं?” मी हो म्हणालो. “लय मानसानं,” ते म्हणाले.

पावर हाउस वस्तीतल्या बाजारात पंजाबी, मद्रासी, बंगाली, छत्तीसगढी— सगळे एकाच वांग्यासाठी भांडत होते. जानराव खूश. “आपल्या गँगमधी बी एवढ्या जाती नव्हत्या.”

१९ ऑक्टोबर
ओळखीच्या फोरमनला विचारलं. तेजराम, भंडाऱ्याकडचा, वर्षभर रशियनांच्या हाताखाली भट्टीचं काम शिकतो आहे. “दिवाळीला वाहील का रे?” तो हसायलाच लागला. “दिवाळी? कोन म्हने? आमाले तं कोनीच दिवाळी सांगितली नाही. नवीन सालातच होते, पयल्यापासून तसंच आहे.”

पहिल्यापासून तसंच होतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

९ नोव्हेंबर
साधनाला सांगितलं. ती पिठाच्या हाताने तशीच उभी.
“दोन इंचासाठी?”
“हो.”
“दोन इंच! दुसरं काही नव्हतं लिवाले? पाऊस लिवायचा, भाजीचे भाव लिवायचे! माह्या बापाचे डोळे लिवले तुमी.”
ती हात धुऊन बाहेर गेली. करंज्या मी तळल्या. जळल्या.
रात्री एवढंच म्हणाली, “त्याईले सांगू नका. आता सांगून त्याईची जिद्द बी जाईन.”

१० नोव्हेंबर
दिवाळी. दिव्यांच्या वेळी जानरावांनी विचारलं, “जवाईबापू, मंग आता कधी?”
“नवीन वर्षात.” हे तरी खरं आहे. “पण आधी ऑपरेशन करून घेऊ. उद्या निघू.”
“दिवाळीवरी थांबलो, आता महिना दोन महिन्यानं काय होते!”
साधना उठून आत गेली.

२ डिसेंबर
साधना माझ्याशी बोलते ते कामापुरतं. घासलेट संपलं. दूधवाला आला होता. पिल्लांपैकी दोन दिली, काळं ठेवलं.

११ जानेवारी १९५९
आज जानराव मुर्कीवर पडले. पांढरं मांजर, लाल फरशीवर, भर उजेडात. ती किंचाळून पळाली. ते जमिनीवर बसून राहिले आणि म्हणाले, “उजवा गेला वाटते.” हवा बदलली म्हणावं तसं.

मी सरळ सांगितलं, आज नागपूर. साधनाने ट्रंक काढली. त्यांनी हाताने चाचपून ट्रंकेची कडी लावली आणि तिच्यावरच बसले. “आता वास येऊन राहिला ना कोळशाचा? भट्टी भरून राहिले ते. आता हलवाल मले?” दोघांनी मिळूनही हलवता आलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
मोठ्या पाहुण्यांच्या हातून भट्टी सुरू होण्याचा दिवस. माणसंच माणसं! खेड्यापाड्यांतून बैलगाड्या भरून आलेल्या. जानराव आणि साधना लांबच्या मैदानात, मी कागद-पेन्सिल घेऊन पुढे. जयघोष उठला तेव्हा कुणीतरी म्हणालं, निघालं! मी लिहिलं, ‘निघाले’. खरं म्हणजे माझ्यापुढे एका उंच साहेबाची पाठ होती.

घरी आलो तर सासरे बसलेले.
“काय दिसलं, बाबा?”
“मानसाईच्या टोप्या.” मग म्हणाले, “पन आवाज आयकला. तेवढं बी बस झालं.”
बस झालं म्हणण्याचा तो आवाज मला ऐकवेना. तसाच सायकलवर तेजरामकडे गेलो.

९ फेब्रुवारी
हे आजच लिहायला हवं.

तेजरामने वरच्या साहेबांना विचारून घेतलं. ‘रेल्वेचा जुना माणूस’ एवढं पुरलं. पहाटे साडेपाचला लोखंडी जिन्याने वर गेलो. जानराव मध्ये, साधना हात धरून पुढे, मी मागे. पायऱ्या त्यांनी मोजल्या. मोठ्याने.
“जयभीम,” जानराव तेजरामला म्हणाले.
“राम राम, काका. इथंच उभं राहा, समोर नाही. उडालं तं विचारत नाही कोनाले.” त्याने आपली डोळ्यांपुढे धरायची निळी काच त्यांच्या हातात दिली.

वाळूत कोरलेला पाट. चार माणसं लांब सळईने भट्टीच्या बुडाचं भोक उघडायला लागली. आधी धूर, आणि गंधकाचा वास. मग आवाज आला. असा आवाज की पायाखालचं लोखंडही थरथरलं. आणि ते आलं. पांढरं! वितळलेलं ऊन म्हणावं तर उन्हाला वजन नसतं. ते वजनाने वाहत होतं, सावकाश, कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारखं. वर चांदण्या उडत होत्या, छपरापर्यंत. माझ्या पापण्या भाजत होत्या आणि मिटत नव्हत्या. पंधरा वर्षं बातम्या लिहिल्या मी. बातमी म्हणजे काय ते तिथे उभं राहून कळलं— जिच्यापुढे आपल्या हातातली पेन्सिल खाली पडते ती. पडली होती. घरी आल्यावर समजलं.

जानरावांनी काच लावली, मग काढली. डावा डोळा तेवढा. डोकं फिरवत फिरवत त्यांनी पाट शोधला.
“लाल नाही हे,” ते ओरडले. “म्या जल्मभर लाल समजत होतो! हे तं दुधावानी हाये!”
तेजराम हसला. सगळे हसले.

मग ते वळले. लोखंडाकडे पाठ!
“बाबा, तिकडं आहे, तिकडं पाहा ना!”
“मले मालूम आहे. तू उभी राह्य. हालू नोको.”
त्या उजेडात साधनाचं तोंड लख्ख दिसत होतं. घामाचा थेंबन् थेंब. त्यांनी नजरेचा तो एवढासा गोल तिच्या कपाळावरून, नाकावरून, गालावरून फिरवत नेला. जशी भट्टी पाहिली होती, तशीच तुकड्यातुकड्याने.
“कानापाशी केस पिकले तुये. कधी पिकले?”
“झाली दोन वर्षं.”
“मले कोनी सांगितलं नाही.”

लोखंड संपेपर्यंत ते तिच्याकडेच पाहत होते. साधना हलली नाही.

आज पत्राचा दिवस होता. चारच्या पॅसेंजरला माझं पाकीट नव्हतं. जन्मात पहिल्यांदा.

१० फेब्रुवारी
पहाटेच जानरावांनी स्वतः ट्रंक दाराशी आणून ठेवली. “चाला.”

१३ फेब्रुवारी, नागपूर
ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे बांधलेले. पाठीवर निजून, मान हलवायची नाही. साधना त्यांच्याजवळ. मी रविवारी भिलाईला परत. शेजारच्या बाई मांजरांना दूध घालतात. निघताना सांगत होत्या, मुर्की आता हिंदीत हाक मारली की थांबते.

१ मार्च
साधनाचं कार्ड. ‘बाबा बरे आहेत. जेवतात. आवाजावरून नर्सा ओळखतात. पट्टी शुक्रवारी.’ खाली नाव. ‘तुम्ही कसे आहात’ असं काही नाही.

६ मार्च, नागपूर
पट्टी काढली. उजवा गेला. डाव्याने खिडकीचा चौकोन दिसतो, त्यात कुणी उभं राहिलं तर दिसतं. डॉक्टर म्हणाले, मेमध्येच ऑपरेशन झालं असतं तर दोन्ही राहिले असते बहुधा. साधना औषध आणायला गेली. मी खाटेजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. साडेतीन वाजले होते, दोन इंच कमी होते, दिवाळी मीच घातली.

“मले मालूम होतं,” जानराव म्हणाले. “वाचलं त्याच दिवशी. सुमारास म्हने! अडतीस वर्षं गाड्या पाह्यल्या म्या, जवाईबापू. ज्याले टाइम ठाऊक असते तो मिनिट सांगते.”
“मग थांबलात कशाला?”
त्यांनी तोंड खिडकीच्या चौकोनाकडे वळवलं.
“कापाचं भेव वाटे मले. लय. तुमची तारीख हाताशी आली.” मग हात चाचपडत माझ्या मनगटावर ठेवला. “साधनाले नका सांगू. तिले तुमचीच चूक वाटू द्या.”