रणधीरला आणायला निघालोय

अर्पिता,

तुझा फोन लागत न्हाय, म्हणून चिठ्ठी ठेवतोय. रत्नागिरीहून रणधीरच्या मित्राचा फोन आला. सहलीला गेलेले ते पाचही जण सकाळी बोटीतून समुद्रात गेले होते. बोट उलटली. चौघं बाहेर आले, आपला रणधीर अजून सापडला न्हाय. येडशीच्या बलभीमकाकांची जीप घेऊन मी निघालोय.

आईला काही बोलू नको. पोरांची गाडी बंद पडली म्हणून आणायला गेलाय, एवढंच सांग. तिला वेळेवर जेवू घाल, टीव्ही लावू देऊ नको.

बाबा धाकट्याला या सहलीला सोडतच नव्हते. "त्याला पोहता येतं, मीच शिकवलंय," असं मी त्यांना ठासून सांगितलं. अर्पिता, तो आपल्या विहिरीत कधी उतरलासुद्धा न्हाय.

— कृष्णराज