डावा दांडा

बुधवार, ९ नोव्हेंबर
दुपारचे तीन

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तूही बरी असशील असं धरून चालतो. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याच वयाचा आहे, त्याला काय बोलणार. वर्षातून एकदा चार ओळी खरडणाऱ्या भावाचं एवढं जाड पाकीट बघून काही वाईट घडलंय असं तुला वाटेल. तसं काही नाही. सगळे धडधाकट आहेत.

रागावण्यासारखी बातमी आधी सांगून टाकतो. तुझी लेक पंधरा दिवस झाले माझ्याकडे आहे. घाटरस्त्याच्या कामावर आहे असं तिने तुला सांगितलं असेल, ते खोटं. दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी ओळखलंच नाही तिला. इथून गेली तेव्हा सात वर्षांची होती, आता माझ्याहून उंच. उभं राहायची ढब मात्र दाजींची. एक हात कमरेवर, मान जराशी तिरकी. "मामा, रेडा अजून आहे का?" एवढंच विचारलं तिने. ना नमस्कार, ना चमत्कार.

रेडा म्हणजे खाणीवर दाजी चालवायचे तो आपला चेनचा ट्रॅक्टर. खाण बंद पडली, मालक गेले, आणि त्यांची मुलं या महिन्यात सगळं भंगारात काढणार होती. हे तिला कुणाकडून तरी कळलं. ती स्वतः बुलडोझर चालवते, हे तू मला कधी कळवलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं म्हणा. तिला रेडा घेऊन जायचा होता, आणि ट्रेलरवर चढवायचा तर तो वळायला हवा. वर ओढून आणला तेव्हापासून एकोणीस वर्षं तो गोदामामागे एका जागी उभा. इंजिन मी दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन चालू करायचो, दहा मिनिटं बसायचो, बंद करून घरी यायचो. जागचा कधी हलवला नाही.

तू डबा घेऊन आली होतीस तेव्हा दाजींनी तुला एकदा शेजारी बसवून दाखवलं होतं. त्याला स्टिअरिंगचं चाक नसतं, दोन दांडे असतात. डावा ओढला की डाव्या बाजूचा क्लच सुटतो, ती चेन थांबते आणि गाडी डावीकडे वळते. उजव्याचं तसंच. क्लचात चकत्यांची चळत असते. पाणी शिरून त्या गंजल्या की एकमेकींना धरून बसतात. मग दांडा ओढा नाहीतर देवाचा धावा करा, रेडा आपला नाकासमोर जातो.

आम्ही खालचे बोल्ट काढून तांबडं पाणी बाहेर काढलं, आत डिझेल भरलं, दोन्ही दांडे मागे ओढून दोरीने बांधले आणि चार दिवस तसेच ठेवले. पाचव्या दिवशी ती चालवायला बसली. दांडा ओढून धरायचा, त्या बाजूच्या ब्रेकवर उभं राहायचं, पुढे एक हिसका, मागे एक हिसका. सकाळभर तेच. साडेअकराला आतून धाडकन आवाज आला आणि उजवा सुटला. ती हसली. ताई, दाजींसारखी तिच्याही एका गालाला खळी पडते, हे मी विसरलो होतो.

डावा सुटला नाही. अजून दोन दिवस प्रयत्न केले. ती म्हणाली, उघडूया. मी म्हणालो, कशाला, एका बाजूने वळतोय तेवढं पुरे, उजवीकडे तीनदा वळलं की डावीकडे वळल्यासारखंच होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. "मामा, तू फिटर आहेस ना?"

मग उघडला. सीट काढली, टाकी काढली, झाकण काढलं, साखळीच्या कप्पीने अख्खा क्लच वर घेतला. शेडमध्ये जाजम टाकून दोघं समोरासमोर बसलो. पातळ छिन्नी चकत्यांच्या मध्ये घालायची, हलके ठोके द्यायचे, एकेक वेगळी करायची. तिचा हात चांगला आहे. घाई करत नाही. काम करता करता घरचं बोलायची. तूही घाई करत नाहीस, भाजी चिरतानासुद्धा, असं म्हणाली. घरात दाजींचा एकही फोटो नाही हेही तेव्हाच सांगितलं. लहानपणी तिने विचारलं तर तू म्हणाली होतीस, ज्याने माझा शब्द मोडला त्याचं तोंड मला रोज बघायचं नाही.

मी छिन्नी खाली ठेवली, हात पुसले आणि चहा करायला उठलो.

एवढं यंत्राचं पुराण का लावलंय, असं तुला वाटेल. जे लिहायला बसलोय ते लिहवत नाही म्हणून लावलंय.

परत आलो तर तिने चकत्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. वरच्या चार-पाच तांबड्या होत्या, हात लावला की भुकटी गळत होती. आतल्या काळ्या, चिखल आणि गंज भाजून दगडासारखा झालेला. ती म्हणाली, "हा गंज उभं राहून आलेला नाही. हा गाडी चालत असतानाचा आहे, गरम होऊन भाजलाय. मामा, डावा क्लच आधीपासूनच धरलेला होता का?"

मी म्हणालो, छे, इतकी वर्षं पडून आहे, काय सांगता येतं.

ती चकत्या गोळा करायला लागली. मीही. त्या संध्याकाळी जेवताना तिने माझ्या ताटात वाढलं, आणि मी ताट तसंच ठेवून उठलो. सकाळी ती शेडमध्ये जायच्या आत मी तिला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. आता तुला सांगतो. तुला आधी सांगायला हवं होतं, एकोणीस वर्षं आधी.

त्या शनिवारी सकाळी दाजी वर्कशॉपमध्ये आले होते. डावा दांडा ओढला तर कधी सुटतो, कधी नाही, एकदा उघडून बघ म्हणाले. मी हातपाय धुऊन, कपडे बदलून, गळ घेऊन निघालो होतो. मासे धरायला, ताई. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी म्हणालो, दाजी, थोडं डिझेल ओता, पुढेमागे करा, सुटेल. सोमवारी बघतो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जा बाबा, मासे वाट बघतायत म्हणाले. आम्ही बाकावर अंगाला अंग लावून चहा प्यायलो. त्यांच्या अंगाला डिझेलशिवाय कसलाही वास नव्हता. तासाभराने ते खालच्या वळणावरून रेड्यासकट कोसळून गेले. तिथे डावीकडे वळायचं असतं.

चौकशीला साहेब आले. यंत्र कसं होतं, असं मला विचारलं. मी म्हणालो, ठणठणीत. मग विचारलं, ते प्यायचे का. मी म्हणालो, पूर्वी प्यायचे. या दुसऱ्या उत्तरातलं एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी मान हलवली आणि कागद मिटला. पुढचं गावाने पुरं केलं.

आणि तू. तेराव्या की चौदाव्या दिवशी तू मला मागच्या खोलीत बोलावलंस. "तू रोज त्यांच्याबरोबर असायचास. पुन्हा सुरू केली होती का त्यांनी?" तू माझा हात धरला होतास. पोरगी पोटात असताना त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती, हे मला माहीत होतं. सात वर्षांत त्यांनी थेंब घेतला नव्हता, हेही माहीत होतं. मी खाली बघितलं. तू हात सोडलास. महिन्याभरात बिऱ्हाड हलवून गेलीस, आणि मी स्टेशनवर तुझी ट्रंक उचलून दिली.

मला वाटलं होतं, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. तू त्यांच्यावर इतकी वर्षं रागावून जगशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं सांगू, आलं होतं. मी डोक्यातून काढून टाकलं.

सगळं ऐकून तुझी लेक रडली नाही. उठून शेडमध्ये गेली. दिवसभर चकत्या घासत बसली, दोन दिवसांत क्लच जोडून आत बसवला. माझ्याकडे फक्त पाना मागायची. काल सकाळी तिने रेडा चालू केला, मोकळ्या जागेत नेला आणि डावा दांडा ओढला. डावी चेन जागच्या जागी थांबली. रेडा वळला. ती डावीकडेच गोल गोल फिरत राहिली, पाच वेळा, सहा वेळा, मी मोजायचं सोडलं. मग इंजिन बंद करून सीटवरच बसली आणि हातात तोंड लपवून रडली. मी जवळ गेलो नाही. मला तो हक्क नव्हता.

खाली उतरल्यावर म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. तू सांग."

संध्याकाळी मी खाणीच्या मुकादमांकडे गेलो. म्हातारे झालेत, पण कान शाबूत आहेत. त्या दिवशी वळणावर सगळ्यात आधी धावले होते ते. त्यांना सांगितलं. ते काठी घेऊन आत गेले. आज सकाळी चहाच्या टपरीवर गेलो तर बाकावरचे दोघं उठून गेले. बरोबरच केलं त्यांनी.

पत्र तुला शनिवारी मिळेल, पोरगी रविवारी पोचेल. तिला दारातच धरू नकोस, आधी जेवू घाल. इथे धड जेवली नाही.

माफी मागत नाही. तुझा हात धरलेला असताना जे बोलायला हवं होतं ते खाली लिहून सही करतो. हा कागद कुणालाही दाखव.

मरणाच्या दिवशी दाजी प्यायलेले नव्हते. त्यांनी ताईचा शब्द कधीच मोडला नाही. यंत्र बिघडलेलं होतं, आणि ते मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

तुझा
धाकटा