दोन खांब आणि खारी रेती

लिहून ठेवणार: भगवान बुधाजी घरत, वय वर्षे बासष्ट, धंदा पूर्वी एस. टी. डेपोत फिटर, हल्ली स्वतःच्या वर्कशॉपचा मालक, मूळ राहणार बेलपाडा, सध्या मुक्काम पनवेल.

हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे असे लिहायची पद्धत आहे. खरे सांगायचे तर ते मी बायकोच्या खुशीने करत आहे. माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे, आणि गेल्या तीन महिन्यांत मला इतका आनंद झाला आहे की मरणाचा विचार करायला सवडच झाली नव्हती. पण आज घरामागच्या वर्कशॉपमध्ये माझी दोन खांबांची लिफ्ट पहिल्यांदा मोटार उचलणार आहे. वर्कशॉपची किल्ली माझी पत्नी चंद्रावती हिने कमरेला खोचली आहे आणि ती म्हणते, "तुमी खाली उभं रानार, वर सगली गाडी. आदी कागद करा, मग किल्ली मागा." वकीलसाहेबांना विचारून, दोन साक्षीदार बसवून, हा कागद करत आहे.

कलम पहिले, राहते घर. ते चंद्रावतीचे. तिच्यामागे मुलगा परेश याचे. पोस्टातल्या ठेवीही याच क्रमाने. चंद्रावतीने चाळीस वर्षे माझे ग्रीसचे कपडे धुतले आणि चाळीस वर्षे त्याबद्दल बोलली. दोन्हींबद्दल मी तिचा ऋणी आहे.

कलम दुसरे, साखळी-कप्पी. माझा चुलतभाऊ काशिराम याने ती १९८९ साली विहिरीतला पंप काढायला दोन दिवसांसाठी नेली. तो पंप अजून निघत असावा. आता ती कप्पी मी काशिरामलाच देऊन टाकतो, म्हणजे रस्त्यात मला पाहून गल्लीत वळायचा त्याचा त्रास वाचेल. मात्र कप्पीचा हूक त्या वेळी दुरुस्तीला काढलेला माझ्याकडेच राहिला आहे. तो मी देत नाही.

कलम तिसरे, वर्कशॉप. मूळ भानगड इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरकारने आमची मिठागराची आणि शेताची जमीन घेतली. तिच्या बदल्यात १९९१ साली हा भूखंड मिळाला आणि तो माझ्या एकट्याच्या नावावर झाला. पुढे घर, मागे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेवर दोन गाळे काढून भाड्याने द्यावेत असे परेशचे म्हणणे. परेश उरणला बंदराच्या ऑफिसात आहे, पोरगा सरळ आहे, पण त्याला बारा नंबरचा पाना दे म्हटले तर तो बारा पाने घेऊन येतो. मी म्हटले, गाळे नाही, वर्कशॉप. आयुष्यभर डेपोच्या खड्ड्यात उतरून मान वर करून गाड्या दुरुस्त केल्या. आता मी उभा राहीन आणि गाडी वर जाईल.

हत्यारे मी निवृत्तीपासून जमवत होतो. रिंग पान्यांचा संच डेपोतल्या दोस्तांनी निरोपाला दिला. व्हाइस, ड्रिल मशीन आणि ट्रॉली जॅक कळंबोलीच्या लोखंड बाजारातले. जुना कॉम्प्रेसर मी स्वतः उघडून नवा केला. आणि मागच्या दिवाळीनंतर कळले की ठाण्याचे एक मोठे गॅरेज बंद होते आहे आणि त्याची लिफ्ट विकायची आहे. मी त्याच दिवशी गेलो. लिव्हर ओढल्यावर अख्खी ॲम्बॅसॅडर छताकडे जाताना पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे मी इथे कबूल करतो. कळंबोलीचे ट्रकमालक उदयसिंह राजपूत यांनी खांब आणून टाकले तेव्हा शेजारच्यांना वाटले विजेचे खांब आले. शेडचे छप्पर चौदा फुटांवर नेले तर आळीत विचारणा झाली, "भगवानशेट, हत्ती पालताव का?"

आता चूक लिहितो. चूक माझी आहे.

लिफ्टचा सगळा जीव पायात. जाड काँक्रीट, त्यात रोवलेले बोल्ट, आणि त्या बोल्टांवर दोन खांब. रेती मी ओळखीच्या होडीवाल्याकडून घेतली. खाडीतली रेती खारी असली तर लोखंड खाते, हे मला ठाऊक होते. मी मिठागरवाल्याचा मुलगा. आमच्याकडे पाणी, माती, मीठ, सगळे जिभेवर ठेवून पारखतात. मी चिमूटभर रेती चाखली. मीठ लागले नाही, म्हणजे आमच्या बोलीत गोडी. चंद्रावतीने चाखली. गोडी. परेशने तोंड वाकडे करत चाखली, तीही गोडीच. नारळ फोडला, पाया ओतला, आणि मी बोल्टांवर हळद-कुंकू वाहिले.

पंधरा दिवसांनी माझी मुलगी सौ. मनिषा मोकल खोपोलीहून आली. लग्न होऊन तिला चौदा वर्षे झाली. आल्या आल्या चहासुद्धा न घेता ती शेडमध्ये गेली. उरलेल्या ढिगातले चार कण जिभेवर ठेवले आणि थुंकली.

"बाबा, रेती खारी हाय."

मी हसलो. म्हटले, "मिठागरवाल्याला खारं शिकवतेस?"

"तुमची जीभ मिठातच मुरलीय. आईचीपन. तुमाला आमटीतलं मीठ तरी कलतं का?"

मग तिने पिशवीतून खोपोलीच्या पाण्याची बाटली काढली, पेल्यात रेती ढवळली, पाणी निवळू दिले आणि पेला शेडमध्ये आलेल्या उदयसिंहांच्या हातात दिला. ते धुळ्याकडचे, विहिरीच्या गोड्या पाण्यावर वाढलेले. एक घोट घेतला आणि माझ्या नव्या फरशीवर थुंकले. "भगवानराव, ही रेती आहे की लोणच्याचा खार?"

दोन दिवस मी शेडकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी वाकून पाहिले, तर बोल्टांच्या मानेला गंज धरला होता. त्या बोल्टांवर टन-दीड टनाची गाडी उचलून मी खाली उभा राहणार होतो. चंद्रावतीची भीती काही वेडी नव्हती. आणि मला वाचवले ते या पोरीने.

मनिषाला मी ओळखायला हवे होते. दहा वर्षांची असताना ती न बघता हाताने पाना ओळखायची. दहावीनंतर आय. टी. आय.ला जाते म्हणाली, तेव्हा मी म्हटले, मुलीच्या हाताला ग्रीस शोभत नाही. हे माझे वाक्य आहे, दुसऱ्या कोणाचे नाही. आज खोपोलीत अर्ध्या आळीच्या स्कूटरी तिच्याच अंगणात दुरुस्त होतात, आणि जावईबापू ते अभिमानाने सांगतात. मला ते कधी जमले नाही.

आणि त्याहून जुने एक येणे तिचे माझ्याकडे आहे. भूखंड मिळायच्या वेळी, आमच्यात सगळेच करतात म्हणून, मी तिला हक्कसोडीच्या कागदावर सही करायला लावली. तिने वाचलेही नाही. "कुठं करू?" एवढेच विचारले. मी तिला पोपटी साडी दिली. ती साडी नेसलेली मी तिला आजवर पाहिलेली नाही.

पहिला पाया आम्ही फोडला. छिन्नी माझी, घण तिचा. उदयसिंहांनी पाताळगंगेची नदीची रेती आणली, ती मनिषाने चाखली, आणि मी जीभ आत ठेवली. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी नवा पाया ओतला. अठ्ठावीस दिवस नळाचे पाणी घातले. काल खांब उभे राहिले, ओळंबा लावला, सूतभर फरक नाही!

म्हणून परेशच्या नावाचा आधीचा मसुदा मी फाडला आहे आणि असे ठरवतो की घरामागची जागा, शेड, लिफ्ट, कॉम्प्रेसर, सगळी हत्यारे आणि वर लिहिलेला कप्पीचा हूक हे सर्व माझ्या पश्चात मनिषाचे. हक्कसोडीचा कागद कोणी पुढे केला तर त्याला हा कागद दाखवावा. परेश, रागावू नकोस. घर तुझेच आहे, आणि आजोबांची मीठ ओढायची लाकडी फळीही मी तुला देतो. ती भिंतीला लाव. तुझी गाडी बहीण फुकट बघेल, असे मी तिच्या वतीने परस्पर कबूल करतो.

आत्ता एवढे लिहून झाले तेव्हा मनिषा घराच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. चंद्रावतीने तिला काहीतरी सांगितले असावे. सवयीने तिने माझ्या खिशातले पेन काढले, टोपण उघडले आणि विचारले, "बाबा, मी कुठं करू सही?"

मला लाज वाटली, हे लिहून ठेवतो. मग सांगितले, ज्याला मिळायचे त्याने यावर सही करायची नसते, वकीलसाहेब म्हणाले. तुझी सही नको गं बाय.

तिने टोपण लावून पेन माझ्या खिशात परत खोचले. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग आटपा लवकर. गाडी कवाची उभी हाय."

शेवटचे कलम. सह्या झाल्या की किल्ली माझ्या हातात येईल. लिव्हर मनिषा ओढेल, मी खाली उभा राहीन. हा कागद पुढे कधी उघडाल तेव्हा लिफ्टमुळे उघडावा लागला असे कोणी मनात आणू नये. पाया मनिषाचा आहे.

ठिकाण: पनवेल, वर्कशॉपच्या बंद दारासमोर
दिनांक: ९ फेब्रुवारी १९९७, रविवार, सकाळी साडेनऊ

सही: भगवान बुधाजी घरत

आमच्यादेखत सही केली. लिहिणारा शुद्धीत आहे, फक्त एका जागी बसत नाही.
साक्षीदार १: उदयसिंह राजपूत, ट्रकमालक, कळंबोली
साक्षीदार २: आनंदा भोईर, निवृत्त इलेक्ट्रिशियन, एस. टी. डेपो

सौ. मनिषा मोकल: सही घेतलेली नाही. या वेळी लागत नाही.