कोणी न लागणाऱ्या वहिनीच्या नावे

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेली, अविवाहित, स्वतःच्या घरात राहणारी, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज लागत नाही असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहतही नाही. असा कागद मी याआधी केलेला नाही.

कलम १. माझे राहते घर, गाडीच्या शेडसह, मी माझ्या वहिनीला देते.

वकिलांचे पेन इथेच थांबले. "नातं काय लिहू?"

"वहिनी."

"त्यांचं दुसरं लग्न झालंय ना? मग कायद्याने त्या आता तुमच्या कोणी लागत नाहीत."

कोणी न लागणाऱ्याला घर देता येते का, एवढेच मी विचारले. येते म्हणाले. तेव्हा असे वाचावे: माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी होती ती, सध्या दुसऱ्या गावी आपल्या घरी सुखात असलेली, माझी कोणी न लागणारी वहिनी. हे घर वडिलांनी दादाच्या व माझ्या नावे केले होते. दादाचा हिस्सा तिचाच होता. जाताना तिने तो मला लिहून दिला. म्हणाली, "वन्सं, इथलं काही माझ्या नावावर राहिलं तर माझा पाय निघायचा नाही." तो हिस्सा तिचा तिला परत, आणि माझा त्याला जोडून.

कलम २. माझ्या चुलतभावाला मी काहीही देत नाही. विसरून नव्हे, आठवणीने. वहिनीचे लग्न ठरले तेव्हा तो माझ्याकडे आला, चहा घेतला आणि मग म्हणाला, "घरच्या सुनेला असं वाटेला लावतात का?" कप मात्र त्याने रिकामा केला होता.

कलम ३. निळी चारचाकी गाडी, दादाने जुनी घेतलेली, तीही वहिनीला. याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

दादा कामावरून आला, बूट काढायला खुर्चीत बसला आणि एक बूट पायात असतानाच गेला. घरात आम्ही दोघी उरलो. वहिनी जेवायला बसे, पण जेवत नसे. गाडी शेडमध्ये धूळ खात होती. ती चालू करून घ्यावी म्हणून मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, "बाई, घरात कोणी पुरुषमाणूस नाही का? त्याला पाठवा." हे मी घरी येऊन सांगितले. वहिनीने ताटावरून मान वर केली.

"आपण करू," म्हणाली. "तुम्ही माणसांच्या तोंडात दात बसवता. ही तर बोलून चालून गाडी. दुखलं तरी ओरडणार नाही."

गाडी ओरडली. आम्ही ऑइल बदलायला घेतले होते. मी गाडीखाली, वहिनी वर. खाली दोन बोल्ट होते. हाताला आला तो मी सोडला, ऑइल गळू दिले, बोल्ट परत बसवला. वहिनीने वरून नवा डबा ओतला. मी रिकामा केला होता तो गिअरबॉक्स. इंजिनातले जुने ऑइल जागच्या जागी होते आणि त्यावर आम्ही नवे ओतले होते. म्हणजे एक उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत किंचाळत गेली आणि मागे एवढा धूर सोडला की कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला. माणसे गच्च्यांवर आली. एका वयस्क जवानाने बॉनेट उघडले, ऑइलची पट्टी काढून पाहिली, आमच्या कोपरापर्यंत काळ्या हातांकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "ताई, हिला पाजताय की बुडवताय?"

वहिनी रस्त्याच्या कडेला बसली आणि हसू लागली. हसता हसता रडली, आणि रडून झाल्यावर पुन्हा हसली. दादा गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशी तिने पुन्हा वाढून घेतले. गिअरबॉक्स नवा घालावा लागला. मला तो स्वस्तात पडला असे मी अजून म्हणते.

तेव्हापासून रविवार गाडीचा झाला. काच धुवायच्या पाण्यात मी भांड्यांचा साबण घातला आणि भर चौकात आम्ही दोघी फेसाआड गेलो. वहिनीने डावा आरसा शेडच्या खांबाला घासून मोडला. त्याची दांडी मी कवळीच्या गुलाबी मसाल्याने जोडली. तो जोड आजही हिरडीसारखा दिसतो. गाडीची ओळख पटावी म्हणून हे नमूद करते.

मग चाक. ते काढून परत बसवले, तेव्हा नट तिने आवळले असे मला वाटले, मी आवळले असे तिला. परगावच्या एका रोपवाटिकेजवळच्या उतारावर वहिनी म्हणाली, "वन्सं, ते चाक कोणाचं चाललंय पुढे?"

"आपलंच," मी म्हटले, आणि गाडी एका कुशीवर बसली.

चाक रोपवाटिकेत शिरले आणि कुंड्यांची अख्खी रांग फोडून थांबले. तिथले मालक, विधुर गृहस्थ, ते हाताने ढकलत घेऊन आले. "हे तुमचं असावं," म्हणाले. रागावले नाहीत. चाक त्यांनीच बसवून दिले. पुढच्या रविवारी नट सैल झाले नाहीत ना, हे बघायला घरी आले. त्याच्या पुढच्याही रविवारी आले. नट काही सैल होत नव्हते.

मीच वहिनीला म्हटले, हो म्हण.

"मी गेले तर तुमचं कोण?"

"गाडी आहे की."

ती या वेळी हसली नाही.

सुरुवातीला तिचा रोज फोन येई. एकदा बोलता बोलता म्हणाली, "ठेवते हं, वन्सं आल्यात." मी दाराकडे पाहिले. मग कळले, तिकडच्या वन्सं. यजमानांची बहीण. बरोबरच आहे, तिला दुसरे काय म्हणणार? पण त्यानंतर मी फोन कमी केले. तिने तिथे रुजावे असे मला वाटत होते. आणि ती रुजली.

गाडी मी दुसऱ्या एका गॅरेजात देऊ लागले. तिला आता काही होत नाही. रविवारी मी शेडमध्ये जाऊन तिच्यात बसते, माझ्याच जागेवर. चालवायची जागा वहिनीची.

कलम ४. नट आवळायचा मोठा पाना वहिनीच्या यजमानांना द्यावा. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. असती तर सोपे गेले असते.

कलम ५. कवळ्यांची हत्यारे माझ्या जागी कामाला लागलेल्या मुलीला. बँकेत उरेल ते अग्निशमन केंद्राला, कारण एवढी माणसे बघत असताना त्यांच्या माणसाने हळू विचारले.

कलम ६. काल इथवर वाचून वकील म्हणाले, "सगळं ठीक आहे. फक्त त्या हे घ्यायला येतील तेव्हा तुम्ही नसाल." हे मला माहीत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेव्हा निराळे वाटले. संध्याकाळी मी वहिनीला फोन केला आणि गाडी सुरू होत नाही म्हणून सांगितले.

"आवाज कसला येतोय?"

"कसलाच नाही."

"काही उघडलंत का तुम्ही?"

"नाही गं."

"हात लावू नका. दुसऱ्या कोणाला लावू देऊ नका. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की मी येते." मग म्हणाली, "वन्सं, खरंच काही उघडलं नाहीत ना?"

गाडी उत्तम चालू होती. वहिनीशी मी कधी खोटे बोललेले नाही, म्हणून फोन ठेवल्यावर शेडमध्ये जाऊन बॅटरीची एक तार काढून ठेवली.

वकीलसाहेबांना, म्हणजे या कागदाच्या व्यवस्थापकांना, सूचना: ती येण्याआधी माझे काही झाले तर ती तार कोणी जोडू नये. मेकॅनिक बोलावू नये. ती बॉनेट उघडेल. तिला सापडायला वेळ लागला तर लागू द्यावा, आणि कोणी घाई करू नये.

वरील सर्व मी वाचले, मला मान्य आहे.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: लिहून ठेवणारीने आम्हा दोघांसमोर स्वतःच्या हाताने सही केली. मध्ये थोडी थांबली, पण कोणी थांबवले म्हणून नव्हे. यातले काहीही आम्हाला मिळायचे नाही.

१. सही: शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई
२. सही: टपाल खात्यातून निवृत्त झालेले, समोरच्या घरातले शेजारी

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ११ नोव्हेंबर, सकाळी